मंदाताईंची वजावट

"पावती आनलीय का नुसतीच थाप?"

मंदाताईंच्या ऑफिसात पाय टाकला की पहिलं हे ऐकू यायचं. नमस्कार-चमत्कार, या-बसा, सगळं नंतर. जामखेडच्या पेठेत बी-बियाणांच्या एका दुकानावर त्यांची दहा बाय बाराची खोली होती. दारावर 'मंदा सानप, कर सल्लागार' अशी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. गावात त्यांना लहानथोर 'टॅक्सवाल्या ताई' म्हणायचे. तालुक्यातल्या निम्म्या मास्तरांचे रिटर्न त्या भरायच्या आणि मी त्या निम्म्यांतलाच एक. मी मराठीचा मास्तर. आकडे दिसले की मी कागद उलटा करून ठेवतो, अजूनही ठेवतो.

मार्चमध्ये, वर्षअखेरीला वजावटीच्या पावत्या दाखवायला, त्यांच्या जिन्यावर मास्तरांची रांग लागायची. वर पत्रा, खाली तापलेली फरशी, आणि खोलीत पंखा असूनही बाई तो लावायच्या नाहीत. कारण काय, तर कागद उडतात. कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "घाम वाळतो हो सर. कागद हरवला की नोटीस येती." स्वतः मात्र त्या तव्यावर बसल्यासारख्या असून मजेत असायच्या. जाड भिंगाचा चष्मा, ठसठशीत कुंकू, मनगटावर रबरबँडांचा गठ्ठा. एकेकाची फाईल झाली की एक रबरबँड मनगटावरून उतरायचा. संध्याकाळी मनगट मोकळं झालं की दिवस चांगला गेला, असा त्यांचा हिशोब.

आवाजाबद्दल काय सांगू? त्या खोलीत हळू बोलायच्या तेव्हा खाली बियाणांच्या दुकानात कळायचं कुणाचा पगार किती आहे.

एकदा असाच रांगेत होतो. नगरहून एक सफारीवाला गृहस्थ आला. रांग मोडून पुढं गेला, ताईंच्या कानाशी लागला. एका ट्रस्टचा माणूस होता म्हणे. तुमच्या मास्तरांनी आमच्याकडं चेकनं लाख द्यायचे, आम्ही पंच्याण्णव हजार रोख परत देऊ, पावती मात्र लाखाची. ताईंना त्यात वेगळं काही मिळेलच. ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठल्या, त्याचा दंड धरला, त्याला सज्जात नेलं आणि भर बाजाराच्या दिवशी पेठेकडं तोंड करून ओरडल्या, "ऐका हो! हे सायेब दान ईकत्यात! पाच टक्क्यानं! कुनाला पायजे?"

खाली भाजीवाल्या हसायला लागल्या. तो गृहस्थ जिना उतरला म्हणणं बरोबर नाही, तो जिन्यावरून वाहून गेला. ताई परत येऊन खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "दान आधी, वजावट मागनं. उलटं केलं की त्यो धंदा झाला. हं, तुमची पावती?"

हे त्यांचं ब्रीदवाक्यच होतं. पण म्हणून त्या दानाच्या विरुद्ध होत्या असं मुळीच नाही. एक म्हातारे शेतकरी, देवळाला ज्वारीची दोन पोती दिली म्हणून आपल्या नोकरदार मुलाच्या करात ती धरता येतील का, ते विचारायला आले होते. ताईंनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बाबा, ज्वारीला वजावट न्हाई. पैशालाच हाय. पन पुन्य कमवायला ज्वारी चालती." म्हातारा खूश होऊन गेला. मास्तर लोक तोच प्रश्न घेऊन आले की मात्र त्या फाडून खायच्या.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ती सांगायची म्हणजे मला माझीच अब्रू काढावी लागणार. काढतो.

आमच्या भागातली निम्मी गावं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आई-बाप जातात, त्यांच्यामागं पोरं जातात आणि माझे बाक रिकामे होतात. पाचवीत कविता नावाची एक मुलगी होती. धडा वाचायला उभी राहिली की वर्ग गप्प व्हायचा, इतकं सुरेख वाचायची. त्या वर्षी दिवाळीनंतर गेली ती चैत्रात परत आली. फडावर धाकट्या भावाला सांभाळत होती. परत आली तेव्हा जोडाक्षरांशी अडखळायला लागली होती. मला ते सहन झालं नाही. तिच्यासारख्यांना हंगामापुरतं राहता येईल असं वसतिगृह बांधायचं आम्ही आठ-दहा जणांनी ठरवलं, ट्रस्ट केला, शाळेसमोर जागा मिळवली. ट्रस्टला ऐंशी-जीची मान्यता ताईंनी मिळवून दिली. म्हणजे आम्हाला देणगी देणाऱ्याला प्राप्तिकरात वजावट मिळणार. भिंती उभ्या राहिल्या आणि पैसे संपले. पावसाळ्याआधी स्लॅब पडला नाही तर दिवाळीला खोल्या तयार होणार नव्हत्या आणि कविता पुन्हा फडावर जाणार होती.

म्हणून आम्ही सभा घेतली. सचिव मी. माईक हातात आला आणि मास्तरच्या हातात माईक म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. मी बोललो, खूप बोललो, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं आणि शेवटी टाळ्यांच्या भरात ठोकून दिलं, "आणि मंडळी, तुम्ही दिलेला रुपयान् रुपया तुमच्या करातून वजा होणार आहे! म्हणजे तुमच्या खिशातून काहीच जाणार नाही!"

मग काय विचारता! लोक चेकबुकं काढून उभे राहिले. आमच्याकडं देणगी द्यायची ती आई-वडिलांच्या नावानं. स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते. "लिहा, कैलासवासी बाबूराव." "लिहा, कैलासवासी गंगूबाई." मी भराभर पावत्या फाडत गेलो. स्लॅब पुरा होईल एवढे चेक आणि शब्द त्या एका दुपारी जमले.

दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक मिरवत ताईंच्या जिन्यावर चढलो. त्यांनी चष्मा लावला. एक पान उलटलं, दोन उलटली. मग एका पावतीवर बोट ठेवलं.

"सर, हे बाबूराव कुठं असत्यात?"

"वारले ना ते. दहा वर्षं झाली."

"मग ह्यांचा पॅन नंबर कुनाला मागू? स्वर्गात पॅन कार्ड चालत न्हाई हो! पावती जित्या मानसाच्या नावानं लागती. ट्रस्टनं त्याचं नाव-नंबर सरकारला कळवायचा, मग त्याला दाखला मिळतो, तवा कुठं वजावट. तुमी सगळी देनगी मेलेल्यांच्या नावावर घेतलीय!"

"ते बदलू की," मी म्हणालो. "नावच तर आहे."

"ते बदलू. पन करातनं रुपयान् रुपया वजा हुतो, हे तुमाला कुनी सांगितलं?"

मी म्हटलं, "वजावट म्हणजे वजाच ना?"

ताईंनी कपाळावर हात मारला. खालच्या दुकानातल्या पोत्यातून मूठभर शेंगा मागवल्या आणि टेबलावर दहा मांडल्या. "हे तुमचं उत्पन्न. सरकार ह्याच्यातनं पाचातली एक शेंग घेतं. म्हंजी दोन शेंगा कर. आता तुमी दोन शेंगा दान केल्या. वजावट म्हंजी काय? दानाची निम्मी, म्हंजी एक शेंग, उत्पन्नातनं बाजूला काढायची. र्‍हायल्या नऊ. नवांवर कर मोजायचा. तुमचं वाचलं काय? एका शेंगेचा पाचवा हिस्सा. टरफल म्हना." असं म्हणून त्यांनी ती शेंग फोडली, दाणे खाल्ले आणि टरफल माझ्यापुढं ठेवलं. "आन तुमी लोकास्नी काय सांगितलं? की तुमच्या दोन शेंगा कराच्या दोन शेंगांतनं थेट वजा. कर शून्य! उत्पन्नातनं वजा करनं येगळं आन करातनं वजा करनं येगळं. जमीन-अस्मानाचा फरक हाय, सर! त्यातनं ज्यांनी नव्या पद्धतीनं, म्हंजी कराचा दर कमी पन वजावटी बंद, रिटर्न भरायचं ठरवलंय, त्यांना तर टरफलबी न्हाई."

मग मी जे बोललो ते लिहायलाही लाज वाटते. मी म्हणालो, "ताई, लोकांना हे जुलैत रिटर्न भरताना कळेल. तोवर स्लॅब पडलेला असेल. आत्ता कशाला बोलायचं?"

ताई उठल्या. मला वाटलं, आता माझा दंड धरून सज्जात नेतात. पण त्या अगदी हळू बोलल्या. "सर, थापेवर टाकलेल्या स्लॅबखाली पोरी झोपवनार का?" आणि माझ्या हातातल्या चेकच्या गठ्ठ्याला त्यांनी आपल्या मनगटावरचा एक रबरबँड चढवला. "लोकांना खरं सांगितल्याबिगर ह्यातला एकबी चेक बँकेत जानार न्हाई. रविवारी बोलवा सगळ्यांना."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. बायको म्हणाली, जेवा. मी म्हटलं, भूक नाही. सेंट्रिंगवाला मिस्त्री रोज विचारायचा, सळई कधी आणू? लोक चेक परत घेऊन जाणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

रविवारी सकाळी छप्पर नसलेल्या त्या चार भिंतींत सगळे जमले. सिमेंटचे व्यापारी शांतीशेठ पुढच्या खुर्चीवर. त्यांनीच सगळ्यांत मोठा, एक लाखाचा चेक दिला होता. शेजारी त्यांचा कॅनडात इंजिनिअर असलेला, सुट्टीवर आलेला मुलगा. मागं मास्तर मंडळी, आणि भिंतीकडेला तोडीवरून नुकत्याच परतलेल्या बाया. त्यांच्यात कविताची आई सोजरबाई होती. तिनं माझ्या भाषणाच्या दिवशी कनवटीचे पाचशे रुपये काढून दिले होते, वारलेल्या सासूच्या नावानं.

मी माफी मागायला उभा राहिलो. दोन वाक्यांतच माझं भाषण सुरू झालं. ताई म्हणाल्या, "बसा सर, तुमाला बोलू दिलं म्हनूनच ही येळ आली." हशा झाला. मग त्यांनी पावतीपुस्तक उघडलं.

"कैलासवासी बाबूराव!"

सगळे चपापले. मागून एक मास्तर अवघडून उभे राहिले. "मी त्यांचा मुलगा."

"स्वतःचं नाव सांगा. लाजायचं काय? बाबूरावांचं नाव भिंतीवरच्या फरशीवर लिहू, पावती तुमच्या नावानं."

मास्तरांनी नाव सांगितलं. असं एकेक करत सगळं गाव उभं राहिलं. कुणी म्हणालं, गंगूबाईची मी लेक. कुणी म्हणालं, त्यांचा मी नातू. वर मोकळं आभाळ, आणि त्या चार भिंतींत मेलेल्या माणसांची नावं आणि त्यांची जिवंत लेकरं. मी शेजारी बसून एकेक जिवंत नाव लिहून घेत गेलो. रडायलाच येत होतं.

नावं संपली आणि ताईंनी बॉम्ब टाकला. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. "सरांनी चुकीचं सांगितलं. करातनं रुपया वजा हुनार न्हाई. ज्यांनी दहा हजार दिल्यात त्या मास्तरांचं, वीस टक्क्यात असतील तर, हजार वाचतील. शेठ, तुमी तीस टक्क्यात. तुमचं लाखामागं पंधरा हजार वाचतील. ज्याला ह्या थापेवर दिलेला चेक परत पायजे, त्यानं आत्ता न्यावा. कुनी नावं ठेवनार न्हाई." आणि चेकचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

कुजबुज सुरू झाली. मी जमिनीकडं बघत बसलो.

शांतीशेठचा मुलगा उठला. "ताई, ही पद्धतच चुकीची आहे. आमच्या कॅनडात दानाचा ठरावीक हिस्सा थेट करातून उतरवतात. श्रीमंत असो की मास्तर, शंभर देणाऱ्याला साधारण सारखंच परत. इथं बघा, बाबांना शंभराला पंधरा आणि या सरांना शंभराला दहा. ज्याचं उत्पन्न जास्त, त्याला सरकारची मदत जास्त!"

"बरोबर बोललास लेका," ताई म्हणाल्या. "करातनं वजा करनं जास्त सरळ हाय, मलाबी पटतं. पन आपल्याकडं उत्पन्नातनं हाय. मी कायदा करत न्हाई, मी फॉर्म भरती."

तेवढ्यात भिंतीकडून सोजरबाई बोलली. "ताई, आन माजं? माज्या पाचशाला सरकार किती दीतंय?"

सगळे वळून बघायला लागले. ताईंचा चेहरा पहिल्यांदाच पडला. "सोजर, तुला करच न्हाई. मग वजा कशातनं करायचं? तुला काईच न्हाई मिळत."

"आन ह्या दादाच्या कॅनडात?"

इंजिनिअर गडबडला. "तिकडंही... कर नसेल तर... नाही मिळत."

सोजरबाईनं थोडा विचार केला. मग कमरेवर हात ठेवून, पाटलिणीच्या ऐटीत सगळ्या सभेकडं नजर फिरवली. "म्हंजी शेठचं पंधरा रुपय माघारी येनार, मास्तरचं धा रुपय माघारी येनार, आन माजं कॅनडातबी पुरंच्या पुरं जातंय! मग हितं पुरं दान माजं एकटीचंच की!"

बायांनी असा काही गलका केला की विचारू नका. "सोजर शेटानी! सोजर शेटानी!" मास्तर हसून हसून वाकले. ताई तर टेबलावर हात आपटून हसत होत्या.

शांतीशेठ मात्र उठून उभे राहिले होते. माणूस जिद्दीचा. तांबडेलाल झाले होते. "असं कसं? माझं अपुरं? ताई, लिहा. ते पंधरा हजारही इथंच. माझंही पुरं!"

"शेठ, पंधरा हजार दिलं की त्याचीबी वजावट मिळती. सव्वादोन हजार परत येतील."

"तेही लिहा!"

"त्याच्यावर तीनशे साडेसदतीस."

"लिहा म्हणतो ना!"

"शेठ, असं करत र्‍हायलात तर मरेस्तोवर माज्याच जिन्यावर बसावं लागंल!"

पण आता कोण ऐकतंय! मास्तर उठले, त्यांनी आपापले हजार-हजार घातले. नव्या पद्धतीनं रिटर्न भरणारे तर छाती काढून सांगायला लागले की आम्हालाही एक छदाम परत मिळत नाही, आम्ही सोजरबाईच्या रांगेतले! ज्या गोष्टीला मी आठवडाभर भीत होतो, तिचीच लोकांना ऐट वाटायला लागली. टेबलावरचा गठ्ठा जसाच्या तसा होता, उलट वाढला होता. एकानंही चेक परत नेला नाही. मिस्त्री मागं उभा होता. तो कुणाची परवानगी न घेता सळई आणायला निघून गेला.

स्लॅब रोहिणी नक्षत्राच्या आधी पडला. त्या दिवशी ताई डोक्याला टॉवेल गुंडाळून सकाळपासून तिथं. मिस्त्रीला सिमेंटचं प्रमाण विचारत होत्या, एका पोत्याचाही हिशोब सोडत नव्हत्या. तो शेवटी मला म्हणाला, "सर, ह्या बाईंना घरी न्या, न्हाईतर मी रिटर्न भरायला लागंन."

नंतर दोन वर्षांनी ताईंचे गुडघे गेले. जिना चढवेना, म्हणून मुलीनं नाशिकला नेलं. फोनवर आवाज तोच. मागच्या आठवड्यात मी नवीन पावतीपुस्तक छापल्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "माईक कुनाच्या हातात हाय ते सांगा आधी."

पण माझ्या डोळ्यांपुढं त्या येतात त्या वसतिगृहाच्या पहिल्या दिवाळीनंतरच्या सकाळच्या. तोडीला निघालेले ट्रॅक्टर शाळेसमोरच्या रस्त्यावर एकामागं एक लागले होते. संसार भरलेले, भांडी लटकलेली, वर बाया-बापे. दरवर्षी त्या भांड्यांच्या मध्ये माझी पोरं बसलेली असायची. त्या दिवशी पोरं वसतिगृहाच्या गच्चीवर कठड्याला धरून उभी होती, आणि त्यांच्या मधोमध ताई. कविता रडत नव्हती. ट्रॅक्टरवर बसलेली सोजरबाईच पदर तोंडात घालून हुंदके देत होती. ट्रॅक्टर सुरू झाला तशी ती पडेल इतकी वाकून मागं बघायला लागली.

ताईंनी तोंडाभोवती हात धरले, आणि तो आवाज, पेठ दणाणून सोडणारा तो आवाज, सगळ्या ट्रॅक्टरांच्या वर चढला. "सोजर, रडू नगंस गं! बिनघोर जा! चैतात आलीस की पोरगी तुला अख्खं पुस्तक वाचून दावंल!"

ट्रॅक्टर वळणाआड गेले. धूळ खाली बसेपर्यंत ताई तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि पोरांकडं वळून ओरडल्या, "काय बघत बसलाय? चला, शाळा भरायची येळ झाली!"